गूळ खाल्ला, धूळ खाली

रिठदमध्ये आमच्या मामाजींचा खोकला ज्याला ओळखता येत नसे, तो माणूस परगावचा आहे असं खुशाल समजावं. गावात खोकणारी माणसं काही कमी नव्हती. पण बाकीच्यांचा खोकला म्हणजे नुसता खोकला, आणि मामाजींचा म्हणजे कंपनीचा. तो आधी लांब कुठेतरी दगड सरकावा तसा सुरू व्हायचा, मग गडगडत जवळ यायचा, आणि शेवटी घशातून एक बारीक शीळ निघून थांबायचा. मी लग्न होऊन त्या घरी आले, तेव्हा उंबरठ्यावरचं माप ओलांडायच्या आधीच आतून तो ऐकला आणि पाठराखीण म्हणून आलेल्या मावशीला हळूच विचारलं, "यांच्याकडे पिठाची गिरणी आहे का गं?" मावशीने असा चिमटा काढला की माप मी ओलांडलं नाही, उडवलंच.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या वऱ्हाडात सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. गावाने मात्र त्यांना 'खदानवाले' करून टाकलं होतं. नागपूरच्या पलीकडे एका कंपनीची मँगनीजची खाण होती, तिला आमच्याकडे खदान म्हणत. तिथे मामाजींनी ऐन उमेदीची सगळी वर्षं घालवली. आधी दगडात सुरुंगाची भोकं पाडणारे म्हणून, नंतर तशी भोकं पाडणाऱ्या टोळीचे मुकादम म्हणून. गेले तेव्हा कसे होते हे आत्याबाईंना विचारावं. "गाडी फसली त बैल सोडून सोता खांदा लावत," त्या सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा होई. परत आले ते विहिरीवरून घरी येईपर्यंत वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर टेकणारे होऊन आले. पण आले ते कोट घालून आले. गावाने कोट पाहिला.

तो काळा कोट, टाचा झिजलेले बूट आणि गळ्यात काळ्या दोऱ्याने लटकवलेली पितळी शिट्टी, एवढी कंपनीची जहागीर घेऊन ते घरी परतले होते. शिट्टीची हकीकत आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होती. सुरुंगाला बत्ती देण्याआधी मुकादम शिट्टी फुंकतो. ती ऐकू आली की हातातलं काम जिथल्या तिथे टाकायचं, थांबायचं आणि मागे फिरायचं. "मंग तुमी कोनीबी असा," मामाजी म्हणत, "सायेब असला तरी थांबते. खदानीचा कायदाच हाये थो." गावातले लोक म्हणत, खदानवाले, वाजवून तर दाखवा एकदा. त्यावर मामाजी शिट्टी कोटाच्या आत सारत आणि म्हणत, "कंपनीच्या हुकमाबिगर वाजवता येत नसते बापा. कंपनीची चीज होय ते." दर सणाला चिंच आणि राख लावून ती चकचकीत करण्याचं काम माझ्याकडे होतं. फुंकून पाहायची मलाही बंदी होती, आणि मी ती पाळत असे. मास्तरांची मुलगी ना मी! वाशीमच्या मराठी शाळेत वडिलांनी कायदे पाळायलाच तर शिकवलं होतं.

खोकल्याला मात्र रोज नवं कारण लागे, आणि ते शोधण्यात मामाजींचा हात धरणारा कोणी नव्हता. सकाळी खोकला आला तर थंडीचा, दुपारी आला तर उन्हाचा. शेजारी मिरच्या वाळत घातल्या तर शेजाऱ्यांचा. कापूस वेचून घरी आला तर कापसाचा. जेवताना आला तर माझा. "काहून व पोरी, फोडणी देऊन राह्यली का सुरुंग लावून राह्यली?" असं ते ओसरीवरून ओरडत. मी फोडणीत मिरची घालणं सोडलं, मग मोहरी सोडली, आणि शेवटी एकदा फोडणीच न घालता वरण वाढलं. त्या दिवशी खोकला पाण्यामुळे आला. विहीर नवी खोदली होती ना!

एवढ्या कारणांत एक कारण कधी आलं नाही. एकदा मीच दाराआडून पदर सावरत म्हटलं, "मामाजी, खदानीतल्या धुळीनं तर नसेल?" मग मामाजी हसले. अडाण्याच्या प्रश्नाला शहाण्याने हसावं तसे. "धुळीनं कोनाले काई होते का? आपुन मातीत जन्मलो, मातीत लोळलो, मातीतच जानार. अन् कंपनी का येडी हाये? कंपनी रोज गूळ देते ना!"

या गुळाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यानेच केलं. खदानीत संध्याकाळी काम सुटलं की प्रत्येकाच्या हातावर एकेक गुळाचा खडा पडायचा. दिवसभर जी भुकटी नाकातोंडात गेली ती गुळाला चिकटते आणि पोटात उतरते, छातीत राहत नाही, असं हे शास्त्र होतं. मामाजी ते एका ओळीत सांगत: "गूळ खाल्ला, धूळ खाली." बैलाला सरकीची ढेप, माणसाला गूळ, आणि छातीची जबाबदारी ज्याची त्याच्यावर. तो गूळ कंपनी ज्यांच्या मेहनतीतून आणायची त्यांनाच कंपनीचे उपकार म्हणून वाटायची. गुळाचा गणपती आणि गुळाचाच नैवेद्य! पण त्या नैवेद्यावर मामाजींची अशी श्रद्धा बसली होती की घरीही जेवणानंतर त्यांना गूळ लागे, खोकल्याची उबळ आली की लागे, आणि ती थांबली की आनंदाने लागे. आत्याबाईंनी शेवटी गुळाचा डबा कुलपात घातला. दागिने फडताळात उघडे असत.

कंपनीचा डॉक्टरही मामाजींच्या बोलण्यात वारंवार येई. त्याचं रोगनिदान फार सोपं होतं. तो खदानीत खाली कधी उतरत नसे. बंगल्याच्या पायरीवर उभा राहून रांगेतल्या प्रत्येकाला विचारी, "खोकला आहे?" जो हो म्हणेल त्याला घरी पाठवत. त्यामुळे सगळे नाही म्हणत, आणि म्हणून त्या खदानीत खोकला नव्हता. "एक मानूस आजारी नोयता," मामाजी अभिमानाने सांगत, आणि हे वाक्य पुरं करता करता त्यांना उबळ येई.

त्याहून मोठा अभिमान दुसऱ्या गोष्टीचा होता. भोक पाडताना त्यात पाणी ओतत राहायचं, म्हणजे भुकटी उडत नाही, चिखल होऊन बाहेर येते, अशी म्हणे तिथे जुनी रीत होती. पण पाणी नाल्यावरून आणावं लागे, आणि आणणारा तेवढा वेळ पहार चालवत नसे. मुकादम झाल्याबरोबर मामाजींनी ही चैन बंद केली. "पान्याचे नखरे म्या चालू देल्ले नाईत," ते सांगत. "सुकं भोक झटक्यानं पडते. माह्या टोळीसारखं काम कोनाचंच नोयतं." साहेबाने खूश होऊन कोट दिला तो याच कर्तबगारीवर. कोट काळा होता हे एक बरं झालं. भुकटीही काळीच होती.

त्या टोळीतली माणसं आता कुठे आहेत, असं मी एकदा विचारलं. मामाजींनी नावं घेतली. रिठदचा एक, आसेगावचे दोघे भाऊ, आणखी कोणी कोणी. प्रत्येक जण खदान सोडून घरी गेला होता आणि वर्षा-दोन वर्षांत वारला होता. "त्याहीले घरची हवा मानवली नाई," मामाजी म्हणाले. सगळ्यांनाच? "सगळ्याहीले," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले. घरच्या हवेइतकी जीवघेणी हवा जगात कुठे नसेल.

माझ्या वडिलांनी एकदा त्यांना आग्रहाने वाशीमला बोलावून एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर भले होते. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसले आणि मग त्यांनी विचारलं, "काय काम करत होता तुम्ही?" यावर मामाजींनी 'भोकं पाडत होतो' एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण कोट अंगात होता. "मुकादम होतो," ते म्हणाले, "माह्या हाताखाली लोकं काम करत." मुकादम म्हणजे छत्रीखाली खुर्ची टाकून बसणारा, अशी डॉक्टरांची समजूत झाली आणि त्यांनी सर्दीची बाटली दिली. त्या बाटलीला गुळाची चव आहे असं मामाजींचं मत पडलं, म्हणून ती त्यांनी संपवली.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण घरात माझा धाकटा दीर होता, नामदेव. अंगाने बापाच्या तरुणपणासारखा, आत्याबाईंच्या गोष्टीतल्यासारखा गाडीला खांदा देणारा. त्याने लहानपणापासून कोट पाहिला होता, बूट पाहिले होते, कायदा ऐकला होता. दिवाळीनंतर खदानीचा मुकादम माणसं न्यायला गावात येतो, तेव्हा आपण जायचं, असं त्याने ठरवून टाकलं. आत्याबाई रडल्या, त्याच्या थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या मालकांनी, समजावलं, मी तर सरळच म्हटलं, "भाऊजी, आधी तुमच्या बाबांना मारुतीच्या पारापर्यंत न थांबता चालून दाखवायला सांगा."

"वहिनी, तुमाले समजत नाई," नामदेव म्हणाला. "बाबाले गावची हवा लागली. तिथं होते तवा खनखनीत होते. इच्चारा त्याहीले."

विचारायची गरज नव्हती. ते वाक्य त्यांचंच होतं. मामाजी ओसरीवर बसून ऐकत होते. पोरगा आपल्या वळणावर गेला म्हणून बापाने खूश व्हायला हवं होतं. ते नुसते शिट्टीचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले. आत्याबाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमी एकडाव त्याले नाई म्हना. तुमचंच आयकन थो." मामाजी म्हणाले, "कायले नाई म्हनू? गूळ हाये ना तिथं." पण आवाजात जोर नव्हता. जन्मभर कंपनीचे गोडवे गायलेला माणूस एका दिवसात कोणत्या तोंडाने उलटं बोलणार!

मुकादम माणसं कशी नेत, तेही सांगते. मारुतीच्या पारावर गुळाची भेली फोडायची आणि जो यायला तयार असेल त्याच्या हातावर खडा ठेवायचा. त्याने तो तोंडात टाकला की शब्द दिला. जगात लोक खाल्ल्या मिठाला जागतात, आमच्या गावात गुळाला जागत. आणखी एक कायदा होता: एका चुलीचा एकच गूळ. एका घरातून एका वेळी एकच माणूस न्यायचा, म्हणजे शेती बुडत नाही, आणि पुढे लागला तर दुसरा माणूस घरात शिल्लक राहतो. हा दूरदर्शी कायदा मामाजींनीच आपल्या मुकादमीच्या काळात घालून दिला होता.

त्या वर्षी किसन मुकादम आला. तो मामाजींच्याच हाताखाली तयार झालेला, त्यांना अजून 'सायेब' म्हणणारा. शनिवार होता. मारुतीला तेल वाहायच्या निमित्ताने आत्याबाई आणि मी देवळाच्या भिंतीशी उभ्या होतो. पारावर मानाच्या जागी मामाजी, कोट घालून. शेजारी किसन, पुढ्यात भेली. गावातल्या चार-पाच पोरांनी गूळ घेतला. किसनने छान भाषण केलं. तिथली मजुरी, तिथला बाजार, तिथली कंपनी. गूळ द्यायला होताच, वर बोलणंही गुळासारखं. आणि बोलता बोलता त्याला खोकला आला.

आधी लांब कुठेतरी दगड सरकावा तसा. मग जवळ. शेवटी बारीक शीळ.

आत्याबाईंनी माझा हात धरला. पारावर मामाजींनी मान वळवली आणि ते किसनकडे बघतच राहिले. किसनने फेट्याच्या शेवाने तोंड पुसलं. "काई नाई सायेब," तो म्हणाला, "वाटंत एका घरी मिरच्या कुटून राह्यले होते, त्याचा ठसका लागला." मिरचीचा ठसका मामाजींइतका कोणाला ठाऊक होता!

"घे नामदेवा," किसनने खडा पुढे केला, "बापाचं नाव राख."

नामदेवने हात पसरला. तेवढ्यात मधेच कोटाची बाही आली. मामाजींनी किसनच्या तळहातावरचा खडा उचलला आणि आपल्या तोंडात टाकला.

कोणाला काही कळेना. किसन हसला. "सायेब, थो तुमच्या पोराचा होता."

"एका चुलीचा किती गूळ?" मामाजींनी चघळत विचारलं.

"एक."

"कायदा कोनं केला?"

"तुमीच केला, सायेब."

"मंग झालं. माह्या चुलीचा म्या खाल्ला. मी येतो."

पारावर हशा उसळला. खदानवाले पुन्हा खदानीला चालले! मामाजींनाही हसू आलं, आणि हसण्यात गूळ घशात अडकला. मग पाठीवर थापा, पाणी, पुन्हा थापा. नामदेव मात्र हसला नाही. भर गावात आपली फजिती केली म्हणून तो तावातावाने निघून गेला. घरी आत्याबाई कडाडल्या, "मरायले चालले का?" मामाजी म्हणाले, "गूळ खाल्ला म्या. शब्द गेला." आम्हाला वाटलं, सकाळपर्यंत उतरेल हे भूत.

सकाळी ते कोट-बूट चढवून ओसरीवर उभे होते. शिट्टी मला घासायला लावली होती, ती उन्हात झळकत होती. वाशीमपर्यंत पायी, तिथून सर्व्हिस मोटारीने अकोला आणि पुढे आगगाडी, असा मुकादमाचा बेत होता. मला दिवाळीनंतरच्या माहेरपणासाठी वाशीमला जायचंच होतं, म्हणून आमची दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, मागोमाग निघाली. माझे मालक हाकत होते. मामाजींना आम्ही परोपरीने सांगितलं, गाडीत बसा. "कंपनीचा मानूस गाडीत बसून जात नसते," ते म्हणाले. नामदेव बापाचं गाठोडं घेऊन चालत होता. वडिलांना पोचवायला येतो म्हणाला. गाठोडं जरा जास्तच फुगलेलं होतं. त्यात त्याचे स्वतःचेही कपडे होते, हे मला दिसत होतं. म्हातारा वाटेत थकला की किसन आपल्याला नेईल, हा त्याचा हिशेब होता.

गाव मागे पडलं आणि मामाजी पहिल्यांदा थांबले. बुटातला खिळा टोचत होता. पुढे कोणाची तरी पऱ्हाटी बघायला थांबले, कपाशी यंदा कशी आली ते. मग एका बाभळीखाली, किसनला खदानीची काही जुनी गोष्ट सांगायची म्हणून, पण गोष्ट सुरू होईना. ते तोंड उघडत आणि नुसता श्वास घेत. सुरुवातीला पोरं थट्टा करत होती, "खदानवाले, कंपनी तुमाले वापस घेईन का?" दर थांब्याला मामाजींकडे नवं कारण होतं आणि दर थांब्याला पोरांची थट्टा कमी होत गेली. पुढे पुढे ती त्यांच्या तोंडाकडे न बघता आपल्याच पायांकडे बघत उभी राहू लागली. दिवसभर पारावर बसलेला रुबाबदार कोट सगळ्यांनी पाहिला होता. तो कोट चालताना आत काय होतं, हे कोणी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

ओढा ओलांडल्यावर एक चढ लागतो. फार मोठा नाही. मामाजी चढाच्या पायथ्याशी दगडावर बसले ते उठेनात. ओठ निळसर झाले होते. किसनला उशीर होत होता. "सायेब, तुमी दमनीत बसा अन् वापस जा," तो म्हणाला. "तुमचा गूळ म्या माफ केला. नामदेवा, चाल तू."

नामदेवने गाठोडं खांद्यावर टाकलं आणि तो चढ चढायला लागला. किसन पुढे, पोरं मागे. बापाकडे त्याने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाऊल उचललं नसतं, हे त्यालाही माहीत असावं.

तेव्हा मामाजी उठले. एका हाताने दमणीचं चाक धरलं, दुसऱ्या हाताने शिट्टी ओठांना लावली आणि फुंकली.

आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा फुंकली. गळ्याच्या शिरा टरारल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि शिट्टीतून निघाली ती नुसती फुसफूस, खोकल्याच्या शेवटी निघायची तशी. एवढी वर्षं कंपनीचा हुकूम का येत नव्हता, ते मला त्या क्षणी कळलं.

सुनेने भर रस्त्यात ओरडू नये. मी ओरडले. "भाऊजी, मागे बघा! मामाजी शिट्टी वाजवून राह्यले!"

शिट्टी म्हटल्यावर ती सगळी थांबली, किसनसुद्धा. आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. खाली कोट घातलेला एक माणूस गाल फुगवून पुन्हा पुन्हा फुंकत होता आणि काहीच ऐकू येत नव्हतं.

नामदेव पळत खाली आला. मामाजींनी शिट्टी खाली घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, आणि धापा टाकत म्हणाले, "धूळ बसली असन तिच्यात."

इतक्या वर्षांत धुळीवर त्यांनी घेतलेला हा पहिला आळ. तोही शिट्टीसाठी.

नामदेवने ती त्यांच्या हातून घेतली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि फुंकली. अशी कडक वाजली की आमचे बैल बिथरून दमणीसकट शेतात घुसले आणि माझे मालक कासऱ्याला लोंबकळत गेले. मी कशीबशी दांडी धरून राहिले. सगळं आटोक्यात आलं तेव्हा बाप आणि लेक दगडाशी तसेच उभे होते. शिट्टीत धूळ नव्हती. आदल्या संध्याकाळी मीच घासली होती, पण ते सांगायची गरज उरली नव्हती. नामदेवने गाठोडं दमणीत टाकलं, मग बापाला पोत्यासारखं नव्हे, देव उचलावा तसं उचललं आणि माझ्या शेजारी आणून बसवलं. कंपनीचा माणूस गाडीत बसून घरी आला. माझं माहेरपण त्या वर्षी राहून गेलं.

सगळी पोरं परत फिरली असं लिहायला मला फार आवडलं असतं. दोघे फिरले. बाकीची किसनबरोबर गेली, कारण त्यांनी गूळ खाल्ला होता. किसन चढावरून बराच वेळ मामाजींकडे बघत होता. पुढल्या दिवाळीनंतर माणसं न्यायला दुसराच मुकादम आला. किसनचं विचारलं, तेव्हा कळलं की तो घरी गेला आणि त्याला घरची हवा मानवली नाही.

मामाजी त्याआधीच, उन्हाळ्यात गेले. अखेरचे काही दिवस त्यांना आडवं होता येत नसे, पाठीशी उशा लावून बसलेले असत. खोकायलाही बळ नव्हतं. तो घर हादरवणारा खोकला नसल्यामुळे आम्हालाच चैन पडत नसे. आत्याबाईंनी गुळाच्या डब्याचं कुलूप काढून फेकून दिलं आणि डबा त्यांच्या उशाशी ठेवला. ते खडा गालात धरून बसत. मी पाणी द्यायला गेले तेव्हा, जीभ तीच होती माझी, थट्टेनेच विचारलं, "काय मामाजी, उतरली का धूळ खाली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे हसले. "उतरून राह्यली पोरी," ते म्हणाले, "हळूहळू." दोघेही हसलो आम्ही, आणि मग मला आत जाऊन चुलीपुढे रडावं लागलं. माझ्या फोडणीला इतकी नावं ठेवणाऱ्या माणसावर माझा एवढा जीव असेल, असं मला वाटलं नव्हतं.

नामदेव रिठदमध्येच राहिला. शेती केली, लग्न केलं, गाडी फसली की अजून खांदा लावतो. कोट कसरीने खाल्ला, बूट कुत्र्याने नेले. शिट्टी तेवढी त्याने ठेवली. ज्वारी भरात आली की तो मचाणावर उभा राहून पाखरं उडवायला ती वाजवतो, एका दमात, लांबच लांब, आणि ती पार आमच्या अंगणापर्यंत ऐकू येते. ती आली की आत्याबाई हातातलं काम जिथल्या तिथे टाकून थांबत, आवाज विरेपर्यंत. त्या गेल्या, आता मी थांबते. खदानीचा कायदा आहे.